घरच्यांना घेऊन धबधब्याला जायचंय? आधी वाटेतले ओढे मोजा

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्याहून एका दिवसात जाऊन येता येईल असा धबधबा हवा. सोबत नऊ वर्षांचा मुलगा आणि पासष्टीच्या आई. आईंचे गुडघे उतारावर कुरकुरतात. ट्रेकिंगचा अनुभव कुणालाच नाही. गर्दी, स्पीकर, दारूच्या बाटल्या नकोत, पण धबधब्याला पाणी मात्र हवं. कुठे जावं, कधी जावं, काय न्यावं?

जागा सांगतोच, पण ती निवडायची कशी हे आधी बघू. म्हणजे पुढच्या वर्षी तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.

सोपा ट्रेक म्हटलं की सगळे किलोमीटर विचारतात. सह्याद्रीत पावसाळ्यापुरतं तरी ते विचारणं जवळजवळ निरुपयोगी आहे. विचारायचं ते असं: वाटेत ओढे किती ओलांडावे लागतात, आणि ते ओलांडल्याशिवाय परत येता येतं का? रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याहून देवकुंड धबधब्याची वाट बघा. एका बाजूने पाच-सहा किलोमीटर, बराचसा भाग धरणाच्या पाण्याकडेने सपाट. नोव्हेंबरात दहा वर्षांचं पोरही चालून जातं. तीच वाट जुलैत ओढ्यांमुळे धोक्याची होते, म्हणून प्रशासन भर पावसाळ्यात ती बंद ठेवत आलं आहे. नाशिकजवळ दुगारवाडीला ऑगस्ट 2022 मध्ये नेमकं हेच झालं. लोक पाणी कमी असताना पलीकडे गेले, वर पाऊस झाला, पाणी चढलं आणि वीसहून जास्त पर्यटक रात्रीपर्यंत अडकले. एक जण वाहून गेला. चढ, उंची, अंतर यांतलं काहीच तिथे अवघड नव्हतं.

पाणी इतक्या झटक्यात का चढतं, हे समजून घेणं कामाचं आहे. आपला डोंगर बेसाल्टचा. वरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी पठारावर, मातीचा थर वीतभर, काही ठिकाणी तेवढाही नाही. सप्टेंबरपर्यंत ती माती पाणी पिऊन तुडुंब झालेली असते, त्यामुळे पडलेला पाऊस मुरत नाही, सरळ वाहतो. वरचं पठार बशीसारखं असेल तर तेवढं सगळं पाणी एकाच घळीत उतरतं. तुम्ही खाली कुंडापाशी उन्हात उभे असता आणि दोन किलोमीटरवर, कड्याच्या मागे, तुम्हाला न दिसणारा ढग रिता होत असतो. भुशी धरणामागच्या धबधब्यात 30 जून 2024 रोजी एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेही पाण्याचा जोर अचानक वाढल्यामुळेच. म्हणून तुमच्यासारख्या मंडळींसाठी माझा नियम कडक आहे: धबधबा दिसेपर्यंत एकही ओढा पायाने ओलांडावा लागू नये. पूल किंवा मजबूत साकव असेल तर चालेल. त्यावरही घोळक्याने उभं राहून फोटो काढू नका. इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा पूल 15 जून 2025 ला कोसळला, तेव्हा त्यावर पर्यटकांची गर्दी होती.

ही चाळणी लावली की यादी पटकन आखडते आणि ठाण्याच्या माणसासाठी विहीगाव वर येतं. शहापूर तालुक्यात, कसाऱ्याहून खोडाळा-जव्हारकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कसाऱ्यापासून साधारण बारा-तेरा किलोमीटर. 2001 च्या एका हिंदी सिनेमाचं चित्रीकरण इथे झालं, तेव्हापासून लोक याला अशोका धबधबा म्हणतात. उंची सुमारे 120 फूट. रस्त्यापासून चाल किलोमीटरभराची, आणि शेवटी खाली उतरायला पायऱ्या. धबधबा वरूनही दिसतो. आईंच्या गुडघ्यांसाठी हेच महत्त्वाचं: पायऱ्या न उतरताही त्यांचा दिवस वाया जात नाही.

विहीगाव मुळीच निर्जन नाही, हे आधीच सांगतो. जुलै-ऑगस्टच्या रविवारी तिथे रॅपलिंगचे कार्यक्रम असतात, दोरावर रांगा लागतात, वडापाव-मक्याच्या कणसांच्या टपऱ्या लागतात. लोक शांततेसाठी कुणालाच माहीत नसलेली जागा शोधत बसतात. आता तशी जागा उरलेली नाही आणि असलीच तर तिथे घरच्यांना घेऊन जाऊ नये, कारण तिथे वाट मळलेली नसते आणि मदतीला माणूस नसतो. ओळखीची जागा, अनोळखी वेळ, एवढं केलं की पुरतं.

वेळ म्हणजे तीन गोष्टी: महिना, वार आणि तास. महिना सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईतून मोसमी पाऊस परतायची सरासरी तारीख 8 ऑक्टोबर आहे. म्हणजे तोवर मधूनमधून सरी येत राहतात, धबधबा जिवंत असतो, पण भर पावसाळ्याची झड नसते. सोनकी आणि तेरडा फुललेला असतो, भात पोटरीतून बाहेर आलेलं असतं, आणि लोकांच्या डोक्यातून पावसाळी सहल उतरलेली असते. वार मंगळवार ते गुरुवार. 2 ऑक्टोबर, दसरा आणि त्यांना जोडून येणारे शनिवार-रविवार टाळा. मुलाची शाळा बुडवायची नसेल आणि शनिवारच हाताशी असेल तर तासावर भर द्या. मुंबईहून निघालेल्या बसगाड्या आणि ग्रुप दहा-साडेदहाच्या पुढे पोचतात. तुम्ही साडेसातला धबधब्यापाशी असाल तर दोन-अडीच तास जवळजवळ तुमचेच, आणि ते खाली उतरायला लागतील तेव्हा तुम्ही परत गाडीपाशी.

पाणी असेल का, हे घरबसल्या ताडता येतं. अशा धबधब्याचं वरचं पाणलोट लहान, त्यामुळे त्याचा जोर मागच्या तीन-चार दिवसांच्या पावसावर ठरतो, मोसमाच्या एकूण पावसावर नाही. चार दिवसांत इगतपुरी-कसारा पट्ट्यात सरी झाल्या असतील तर धार भरलेली मिळेल. ऑक्टोबरात आठ-दहा दिवस कोरडे गेले की नुसती ओघळ उरते. नकाशाच्या अ‍ॅपवर त्या जागेचे फोटो उघडा आणि सगळ्यात नवे आधी लावा. गेल्या आठवड्यातला एक गचाळ फोटो हा जुलैतल्या शंभर सुंदर फोटोंपेक्षा खरा. धरणाखालचे धबधबे याला अपवाद. भंडारदऱ्याचा अम्ब्रेला फॉल किंवा प्रवरेवरचा रंधा, यांचं पाणी बऱ्याच अंशी धरणातून किती सोडलंय त्यावर असतं. तिथे पाऊस बघून अंदाज बांधू नका, विसर्गाची बातमी बघा.

हवामानाचं असं करा. आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा जिल्हावार इशारा बघा. इथे ठाणे, पालघर आणि नाशिक असे तिन्ही जिल्हे बघायचे, कारण तिन्हींच्या हद्दी इथे जवळ येतात. ऑरेंज किंवा रेड असेल तर बेत रद्द, चर्चा नाही. यलो असेल तर तो कशाचा आहे ते वाचा. खात्याच्या भाषेत ‘जोरदार पाऊस’ म्हणजे 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर, आणि एवढा पाऊस दोन तासांत पडला तर ओढ्याचं रूप पालटतं. ‘मेघगर्जनेसह’ असं लिहिलं असेल तर तो परतीचा पाऊस. तो सहसा सकाळ स्वच्छ ठेवतो, बाराच्या पुढे ढग चढवतो आणि दुपारी दोन-तीननंतर विजांसकट कोसळतो. त्यामुळे या दिवसांत एकच्या आत उघड्या माळावरून गाडीत. सकाळी निघताना पुढच्या तीन तासांचा तात्कालिक अंदाज पुन्हा बघा. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप घेऊन ठेवा. आसपास वीज पडतेय का, ते दाखवतं.

अजून एक फोन: पोलीस ठाणं किंवा गावातलं कुणी. जिल्हा प्रशासन पावसाळ्यात धबधब्यांवर बंदीचे आदेश काढतं, कधी काही दिवसांसाठी, कधी महिना-दोन महिन्यांसाठी, आणि ते नकाशाच्या अ‍ॅपवर दिसत नाहीत. तिथे पोचून पोलिसांशी हुज्जत घालण्यापेक्षा आदल्या दिवशी विचारलेलं बरं. अभयारण्याच्या हद्दीतली जागा निवडलीत, उदाहरणार्थ कळसूबाई-हरिश्चंद्रगड, तर वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरावं लागतं. त्यासाठी सुटे पैसे ठेवा, नेटवर्क नसलं की यूपीआय चालत नाही.

आता जायचं कसं. स्वतःची गाडी असेल तर पहाटे पाचला ठाणं सोडा. जुन्या नाशिक हायवेनेच जा. जून 2025 पासून समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत खुला झाल्यामुळे अ‍ॅप तुम्हाला त्यावर ढकलू शकतं. तिकडून गेलात तर बोगद्यातून थेट इगतपुरीच्या बाजूला निघाल आणि कसारा खालीच राहील. कसाऱ्याकडून डावीकडे खोडाळा-जव्हार रस्ता धरायचा. लोकलने जायचं तर कसारा लोकल, आणि स्टेशनबाहेरून खोडाळ्याकडे जाणाऱ्या शेअर जीप. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, मधल्या वारी तिला वेळ लागतो. आई सोबत आहेत तर आख्खी जीप जाऊन-येऊन ठरवा. भाडं आणि परत न्यायची वेळ आधी बोलून घ्या, चालकाचा नंबर कागदावर लिहा, आणि अर्धे पैसे परतल्यावर द्या. गाडी लावताना शेताची वाट किंवा बैलगाडीचा रस्ता अडवू नका. गावकऱ्यांशी भांडणं बहुतेक इथूनच सुरू होतात.

चालण्याचा हिशेब: मुलाबरोबर, ओल्या वाटेवर, तासाला दोन किलोमीटर धरा, आणि दर 300 मीटर चढाला एक तास वाढवा. विहीगावला चाल आणि पायऱ्या धरून एका बाजूला पाऊण तास पुरे. इथली गोम अशी की आधी उतार आहे, चढ शेवटी येतो. पठारावरून घळीत उतरणाऱ्या सगळ्याच जागांचं हे असं आहे. उतरताना कुणालाच दम लागत नाही, म्हणून सगळे खालपर्यंत जातात, आणि परतीला पोटात वडे आणि अंगात ओले कपडे घेऊन चढतात. आईंनी उतरायचं ठरवलं तर दोन काठ्या द्या, दोन्ही हातांत एकेक. गुडघा दुखतो तो उतरताना, चढताना कमी. आडवं पाऊल टाकून, एका वेळी एकच पायरी, आणि दर वीसेक पायऱ्यांना थांबा. पायऱ्यांच्या मधोमध न चालता कडेने चाला असं काही जण सांगतात. ते उलटं करा. शेवाळ कडेला जास्त धरतं, मधली जागा वर्दळीने घासलेली असते.

बुटांवर थोडं जास्त सांगतो, कारण पाय घसरला की सगळा बेत तिथेच संपतो. शेवाळ दोन प्रकारचं दिसतं. हिरवं, मखमली दिसणारं भीतीदायक वाटतं, पण त्यावर पाय निदान रुततो. खरं घातकी ते काळं, चकचकीत, पातळ, ओल्या कातळासारखंच दिसणारं. त्यावर कुठलाच बूट धरत नाही. सतत भिजणाऱ्या, उतरत्या, गुळगुळीत काळ्या दगडावर पायच ठेवायचा नाही, हाच उपाय. बाकी ठिकाणी मऊ रबराचा, खोल खाचांचा तळ हवा. ट्रेकर मंडळींत ‘अ‍ॅक्शन’ कंपनीचे ट्रेकिंगचे बूट वर्षानुवर्षं चालतात ते त्यांच्या रबरामुळे, आणि ते महागही नाहीत. जॉगिंगचे फोमवाले बूट, क्रॉक्स, फ्लोटर्स, सगळं घरी. बूट दोन वर्षं कपाटात पडून असेल तर नेण्याआधी तासभर घालून चाला. जुना डिंक ओला झाला की तळ उघडतो. तरीही सुतळीचा तुकडा सॅकमध्ये ठेवा, बूट बांधायला कामी येतो.

कपडे नायलॉनचे किंवा पॉलिस्टरचे. जीन्स भिजली की तिचं वजन दुप्पट आणि मांड्या सोलवटतात. छत्री वाऱ्यात निरुपयोगी, रेनकोट किंवा पोंचो घ्या. सॅकच्या आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून त्यात सगळं भरा. बाहेरून घालायचं कव्हर पाठीकडून पाणी आत सोडतंच. माणशी दीड-दोन लिटर पाणी, मुलाला एक. ऑक्टोबरचं ऊन सोपं नसतं, म्हणून ओआरएसची दोन पाकिटं. खायला दशम्या, तिळाची चटणी, गूळपोळी, चिक्की, केळी. कुरकुरीत पुडे टाळा. त्यांचा कचरा वाऱ्याने उडतो आणि माकडांना त्यांचा आवाज ओळखीचा झालाय. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. एक हेडटॉर्च, दिवसा जाणार असलात तरी. कोरडे मोजे आणि कपड्यांचा एकेक जोड गाडीत. दोर नेऊ नका. जिथे दोर लागेल असं वाटतं, ती जागा तुमच्यासाठी नाही.

धबधब्यापाशी पोचल्यावर पहिलं काम: पाण्याच्या अगदी कडेला, पाणी जेमतेम टेकेल असा मुठीएवढा दगड ठेवा किंवा एखादा ओळखू येणारा दगड हेरून ठेवा. दर दहा मिनिटांनी त्याच्याकडे बघा. हे काम मुलाला द्या, तो ते तुमच्यापेक्षा चोख करेल. दगड बुडाला की निघायचं, फोटो राहिला तरी. पाणी गढूळ, तांबूस झालं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत यायला लागल्या, आवाज जड झाला, यांपैकी एकही खूण पुरेशी आहे. धार अचानक कमी झाली तरीही हला. वर कुठेतरी ओंडके-दगड अडकून पाणी तुंबलं असेल तर ते सुटतं तेव्हा एकदम येतं.

कुंडात उतरायचं नाही. पोहता येत असलं तरी. पाणी शंभर फुटांवरून वर्षानुवर्षं एकाच जागी पडतं, तिथे कातळात खोल डोह आणि रांजणखळगे तयार होतात. पहिल्या चार पावलांना पाणी गुडघाभर असतं, पाचव्याला तळच नसतो. धारेखालचं पाणी फेसाळलेलं, म्हणजे त्यात हवा भरलेली, म्हणून ते माणसाला नेहमीसारखं उचलून धरत नाही. त्यात पडणारी धार तळाकडे रेटते आणि भोवरा माणसाला पुन्हा धारेखाली ओढतो. चांगले पोहणारेही इथेच बुडतात. मुलाला पाण्यात खेळायचं असेल तर खाली, जिथे प्रवाह पसरट, घोट्याएवढा आणि तळ दिसणारा आहे तिथे, आणि तुम्ही त्याच्या खालच्या बाजूला उभे राहून. धारेखाली उभं राहण्याचा मोहही नको: वरून येतं ते फक्त पाणी नसतं, सुपारीएवढा दगडही डोकं फोडतो. आणि धबधब्याच्या माथ्यावर, काठापाशी, कुणीही जायचं नाही. सेल्फीसाठी तर नाहीच.

कड्यावर काळपट, अर्धगोल, हातभर लांब पोळी लटकलेली दिसली तर ती आग्या मोहोळं. अत्तर, उदबत्ती, सिगारेट, ड्रोन, आरडाओरडा, काहीही त्यांना पुरतं. दिसली की आवाज बंद करून लांब बसा. उठलीच तर पाण्यात उडी मारू नका, तोंड झाकून पळत सुटा, शक्य तितकं दूर, दाट झाडीत. साप दिसला तर थांबा, तो जातो. चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही नाही. पाय न हलवता उचलून थेट सरकारी रुग्णालयात, कारण सर्पदंशाची लस तिथेच मिळायची शक्यता जास्त. कसाऱ्याचं आरोग्य केंद्र आणि शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय कुठल्या रस्त्याला आहे ते निघण्याआधी नकाशावर बघून ठेवा. 108 रुग्णवाहिकेला, 112 पोलिसांना. घळीत रेंज नसते. फोन करायला एकाने वर रस्त्यापर्यंत यावं आणि बाकीच्यांनी जागेवर थांबावं.

सगळं नीट आखूनही ओढा आडवा आलाच, तर थांबणं हाच पहिला पर्याय. लहान पाणलोटाचा ओढा पाऊस थांबल्यावर बहुतेक तास-दोन तासांत उतरतो, आणि तेवढ्यासाठीच कोरडे कपडे, खाणं आणि टॉर्च आहे. पाणी गुडघ्याच्या वर, तळ न दिसणारं किंवा आतून दगड गडगडल्याचा आवाज येत असेल तर कुणी कितीही हात दिला तरी उतरू नका. गुडघ्याखाली असेल तर रुंद, पसरट जागा निवडा. अरुंद जागा जवळची वाटते, पण जोर तिथेच असतो. बूट पायात, सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सुटे, तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला, काठी पुढे, आणि आडवं सरकत जायचं. मूल मधे, दोन मोठ्यांच्या हातात.

वाटेत नागली, वरई आणि भाताची शेतं लागतील. बांधावरून एकामागे एक चाला, चिखल टाळायला पिकात पाय घालू नका. कचरा सगळा परत, मुलाच्या वेफर्सच्या पुडक्यापासून सॅनिटरी नॅपकिनपर्यंत. त्यासाठी वेगळी पिशवी. शौचाला ओढ्यापासून निदान साठ-सत्तर पावलं लांब, कारण खालच्या पाड्यावर तेच पाणी भरतात. नाश्ता-जेवण जमलं तर गावातल्या एखाद्या घरी सांगून ठेवा: तांदळाची किंवा नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा. आदल्या दिवशी सांगावं लागतं, आणि माणसं किती ते नक्की सांगा.

एकच्या आत गाडीपाशी. आकाश स्वच्छ असेल आणि आईंचे गुडघे शाबूत असतील तरी खोडाळ्याकडे अजून एक धबधबा म्हणून पुढे जाऊ नका. परत येताना नाशिक हायवेवर भिवंडी-माणकोलीच्या अलीकडे चारनंतर ट्रक साचतात, तीनच्या आत तो टप्पा पार केला तर पाचच्या आत घरी.